जोडावरची नक्षी

आमा-लेंची चहाची किटली गळत होती. धार लागावी इतकी नाही. तोटीच्या मुळाशी पितळी मगर जबडा वासून बसली आहे, तिथे एक थेंब जमायचा, मगरीच्या हनुवटीवरून घरंगळायचा आणि तांब्याच्या पोटावर खारट पांढरी रेघ ठेवून वाळून जायचा. पाहुण्यांना चहा ओतून झाला की आमा-ले हातातल्या फडक्यानं ती रेघ पुसायच्या आणि तोच थेंब परत जमायचा.

"तुम्ही चिलिंगला चाललाच आहात ना," लेहमधल्या त्यांच्या घरी मी उतरल्याच्या दुसऱ्या सकाळी त्या म्हणाल्या, "तर हिलाही न्या. हिचं माहेर तेच आहे."

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी एकच शब्द दिला होता: भांडं. तिबेटी धाटणीच्या नक्षीदार भांड्यांवर लिहीन असं मी कबूल केलं, त्याला कारण मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथल्या हिमालयीन कलेच्या दालनातून मी अनेकदा फिरले आहे. पण काचेपलीकडची भांडी गळत नाहीत, तापत नाहीत, कुणी ती राखेनं घासत नाही. ती वापरात पाहायची तर लडाख सोयीचं. तिबेटी संस्कृतीचा हा पश्चिमेकडचा प्रदेश, आणि इथल्या स्वयंपाकघरांत ती अजून चुलीजवळ आहेत.

भांड्यांची भिंत

लडाखी घरातल्या स्वयंपाकघराला चान्सा म्हणतात. खरं तर ते घरातलं बैठकघर, जेवणघर आणि हिवाळ्यातलं झोपायचं घरही. एका बाजूला पत्रा-लोखंडाची नक्षीदार चूल आणि तिच्यामागे जमिनीपासून आढ्यापर्यंत फळ्या. फळ्यांवर तांब्यापितळेची भांडी उतरंडीनं मांडलेली: मोठी पातेली, पळ्या, छांगचे, म्हणजे जवाच्या दारूचे, उंच सुरईसारखे गडू, पाणी साठवायचे हंडे. आपल्याकडे पूर्वी माजघरात घासूनपुसून मांडलेली चळत असायची, ती आठवते. लग्नात मुलीबरोबर आलेलं कोणतं, सासूच्या सासूचं कोणतं, हे आमा-लेंना न वळता सांगता येतं.

त्या चळतीत मानाची जागा तिब्रिलची, म्हणजे चहाच्या किटलीची. पोट लालसर तांब्याचं, त्यावर पिवळ्या पितळेचे किंवा श्रीमंताघरी चांदीचे पट्टे, कमळाच्या पाकळ्यांची मान, तोटी मगरीच्या तोंडातून निघालेली, आणि मूठ म्हणजे अंग वळवून बसलेला ड्रुक, तिबेटी ड्रॅगन. झाकणावर कळी, आणि झाकण हरवू नये म्हणून मुठीला साखळी.

चहाही साधा नाही. पत्तीचा काढा, लोणी आणि मीठ गुरगुर नावाच्या लाकडी नळकांड्यात घुसळतात. काढ्याला रंग यावा म्हणून चिमूटभर फूल, म्हणजे नुब्रा खोऱ्यातला सोडा. घुसळलेला चहा तिब्रिलमध्ये ओततात आणि तिब्रिल निखाऱ्यांवर तासन् तास बसून राहते. म्हणजे भांड्याला मीठ, सोडा, तूपकट लोणी आणि सततची आच हे सगळं एकदम सोसायचं असतं. नक्षी बघताना हे विसरायला होतं. मीही विसरले होते. किटलीची तोटी गळत नसती तर बहुधा विसरलेलीच राहिले असते.

निम्मूहून आत

लेहपासून पस्तीसेक किलोमीटरवर निम्मू. तिथे झांस्कर नदी सिंधूला मिळते. मुख्य रस्ता सोडून झांस्करच्या कडेनं आत वळलं की डोंगर जवळ येतात आणि नदी खाली खाली जाते. ऑगस्ट संपत आला होता. पाणी राखाडी, सिमेंट कालवल्यासारखं. सुमारे तीस किलोमीटर गेल्यावर जर्दाळूची आणि पॉप्लरची हिरवी ठिपकी दिसली. ते चिलिंग. हिवाळ्यात गोठलेल्या झांस्करवरून चालणाऱ्या 'चादर'वाल्यांना हे नाव माहीत असतं, उन्हाळ्यात रबरी तराफ्यांवरून उतरणाऱ्यांनाही. निम्मू–पदुम–दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता मार्च २०२४ मध्ये आरपार जोडला गेला, तेव्हापासून गाड्या गावाखालून सुसाट जातात. थांबणारे थोडे.

धातूकाम करणारी मोजकी घरं इथे आहेत. त्यांना सेरगर म्हणतात: सेर म्हणजे सोनं, गर म्हणजे लोहार-सोनार. त्यांचे पूर्वज नेपाळातून आले असं ते सांगतात आणि त्या गोष्टीचा पुरावा शे गावी उभा आहे. खरं म्हणजे बसलेला आहे. लेहपासून पंधरा किलोमीटरवरच्या शेच्या राजवाड्यात शाक्यमुनी बुद्धाची सुमारे बारा मीटर उंच मूर्ती आहे, तांब्याच्या पत्र्याची, सोन्याचा मुलामा दिलेली. राजा देल्दन नामग्यालनं ती १६५५ मध्ये, वडील सेंगे नामग्याल यांच्या स्मरणार्थ करवून घेतली. मूर्ती इतकी मोठी की वरच्या मजल्यावर आपण तिच्या चेहऱ्यासमोर उभे राहतो. तिच्यासाठी नेपाळातून कारागीर आणले. पत्रे ठोकले लेहमध्ये आणि मूर्ती तुकड्यातुकड्यांनी शेला नेऊन जुळवली. जिथे ठोकाठोक झाली त्या लेहमधल्या वस्तीचं नाव आजही झांग्स्ती आहे. झांग्स म्हणजे तांबं, ती म्हणजे ठोकणं. पुण्यात तांबट आळी आहे, लेहमध्ये झांग्स्ती. काम संपल्यावर कारागीर परतले नाहीत. राजानं त्यांना चिलिंगला जमीन दिली. याच खोऱ्यात का, तर इथे तांबं सापडे म्हणून, असं गावात सांगतात. झांस्कर या नावातही 'झांग्स' ऐकू येतो, तोही दाखला ते देतात.

एक गोष्ट आवर्जून लिहायला हवी. लडाखी समाजात लोखंडाचं काम करणाऱ्या गारांना परंपरेनं खालचं स्थान दिलं गेलं. पंक्तीत त्यांची जागा दाराकडे. तांबं-चांदी घडवणाऱ्या सेरगरांना मात्र तो जाच नव्हता. हातोडा तोच, भाता तोच, ऐरण तीच. फरक कुठल्या धातूवर घाव पडतो एवढाच. शेताचा नांगर आणि घरची चूल पहिल्यानं दिली, देव आणि चहाची किटली दुसऱ्यानं. सुंदर भांड्यांवर लिहिताना ही बाजू सोडून देण्याचा मोह होतो.

आधी मोठी आग, मग लहान आग

मेमे-ले, म्हणजे आजोबा, उन्हात बसून होते. सगळं गाव त्यांना असंच हाक मारतं, म्हणून मीही. त्यांनी तिब्रिल हातात घेतली आणि नक्षीकडे पाहिलंच नाही. उलटी केली, बुडाशी टिचकी मारून आवाज ऐकला, झाकण काढून आत करंगळी फिरवली. मग ती पाण्यानं भरली, तोंडावर तळहात घट्ट दाबला आणि तोटीतून फुंकर मारली. मगरीच्या हनुवटीखाली बुडबुडा फुगला.

"नक्षी काढावी लागेल," ते हिंदीत म्हणाले. "भोक तिच्याखाली आहे."

पुढचे दोन दिवस मी त्या वाक्याचा अर्थ लावत तिथे राहिले.

तिब्रिल एका पत्र्याची नसते. खालचं पोट वेगळं, वरचा खांदा आणि मान वेगळी, तोटी वेगळी. पोट गोल पत्र्यातून उभं करतात: पत्रा ठोकणीवर तिरपा धरायचा आणि कडेकडेनं हातोडा फिरवत तो आत वळवत न्यायचा. तांबं मार खाऊन कडक होतं; ऐकेनासं झालं की लाल होईस्तोवर तापवायचं, पाण्यात विझवायचं, ते परत मऊ होतं. पुन्हा ठोकायचं. असे फेरे किती, ते हाताला कळतं. शेवटी आपले तांबट करतात तसं मठारकाम: हलक्या, सारख्या घावांनी पृष्ठभाग बसवणं.

पोट आणि खांदा जुळवायचे तर दोन्हींच्या कडांना फणीसारखे दाते कापतात. एक दाता आत, एक बाहेर असे गुंफतात आणि सांध्यावर पितळेचा चुरा नि टाकणखार यांचा लगदा लावून भट्टीत धरतात. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, पितळेला त्याहून शे-दीडशे कमी. तेवढ्या फटीत काम साधायचं असतं. पितळ पाण्यासारखं चमकून सांध्यात शिरलं की त्याच क्षणी बाहेर. जरा उशीर झाला तर भांड्यासकट सगळंच जातं. नंतर ठोकून सपाट केलं की लाल तांब्यात पिवळी दातेरी रेघ तेवढी उरते. घरात आजीचा जुना तांब्याचा हंडा असेल तर त्याच्या बुडाकडे बघा, तीच रेघ दिसेल.

तोटीचं काम वेगळं. पत्र्याची निमुळती नळी करायची, शिवण जोडायची आणि मग तिला हंसाच्या मानेसारखा बाक द्यायचा. पोकळ नळी वाकवली की मुडपते. म्हणून तिच्यात वितळलेली राळ ओतून, थंड होऊ देऊन, भरीव करून वाकवतात. मग तापवून राळ ओतून टाकतात.

पितळी पट्टे तयार होतात राळेच्याच गादीवर. राळ, विटकर आणि तेल कालवून केलेल्या लगद्यावर पत्रा चिकटवायचा, मागून ठोकून फुगवटा आणायचा, उलटून पुढून बारीक छिन्न्यांनी रेषा काढायच्या. या छिन्न्या कापत नाहीत, दाबतात. मेमे-लेंच्या डब्यात त्या पन्नासेक तरी होत्या, बहुतेक त्यांनीच घडवलेल्या. एकीच्या टोकाला अर्धचंद्र, एकीला नुसता ठिपका. मगरीच्या अंगावरचे खवले म्हणजे तोच अर्धचंद्र शेकडो वेळा. लडाखात चीड उगवत नाही, त्यामुळे राळ खालच्या मुलखातून येते, आणि थंडीत ती इतकी ठिसूळ होते की घाव घातला की तडकते. एका तिब्रिलला किती दिवस लागतात असं मी विचारलं, तर म्हणाले, "थंडी किती आहे त्यावर." कारण काम हिवाळ्यातलं. उन्हाळ्यात जव पेरायचं, कापायचं, मळायचं. हातोड्याला वेळ बर्फ पडल्यावर.

आणि हे पट्टे बसतात कुठे? पोट आणि खांदा जुळतो तिथे एक. मान खांद्यावर बसते तिथे कमळाच्या पाकळ्या. तोटी पोटात शिरते तिथे मगर. मूठ टेकते तिथे ड्रुकचे पंजे. बूड जमिनीला घासतं तिथे पायाची कड. रिकाम्या, सलग तांब्यावर नक्षी जवळपास नाहीच. संग्रहालयात इतक्या वेळा पाहूनही माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं: या भांड्याची सजावट म्हणजे त्याच्या दुबळ्या जागांचा नकाशा आहे. मगर तोटीचा सांधा झाकते, आणि झाकता झाकता त्याला वरून आवळूनही धरते. ओतताना सगळा भार तिथेच येतो.

पण त्यामुळेच दुरुस्ती अवघड. मगर बसवलेली असते कथलाच्या मऊ डाखानं, जो थोड्या आचेवर सुटतो. तिच्याखालचा सांधा पितळेच्या कडक डाखाचा. भांडं करताना आधी मोठी आग, मग लहान आग हा क्रम. कल्हईही पितळेच्या डाखानंतरच, कारण कथील २३२ अंशांवरच पाणी होतं. दुरुस्तीला हे सगळं उलटं उलगडत जायचं: मगर सोडवायची, जुना सांधा खरवडायचा, नवा डाख भट्टीत द्यायचा, त्या आगीत आतली कल्हई जळणार, म्हणून पुन्हा कल्हई, मग मगर परत जागेवर.

मेमे-लेंनी मगर सुटी करून माझ्या तळहातावर ठेवली. आतून ती पोकळ, काळी, कुरूप होती. तिच्या आतल्या बाजूला छिन्नीनं काढलेल्या दोन आडव्या खुणा होत्या. "माझ्या वडिलांच्या," ते म्हणाले आणि मगर पाण्याच्या वाडग्यात टाकून दिली.

मेंढ्यांच्या पाठीवरून

डाखाच्या लगद्यातली ती पांढरी पूड मी चिमटीत घेतली. टाकणखार. आपल्याकडचे सोनार तिला सवागीही म्हणतात. तापल्यावर धातूवर काळा थर चढू नये, डाख सरळ वाहावा, म्हणून ती हवीच. तिच्याशिवाय धातूला धातू धरत नाही. आणि ती येई कुठून, तर याच पठारावरून. तिबेटच्या खाऱ्या सरोवरांच्या काठी आणि लडाखच्या पूर्वेला, चांगथांगमधल्या पुगा खोऱ्यातल्या गरम झऱ्यांपाशी ती जमिनीवर फुलून येते. मिठाबरोबर मेंढ्यांच्या पाठीवर लहान लहान दुहेरी थैल्या लादून ती खिंडींमधून खाली उतरे. एकोणिसाव्या शतकात इतरत्र साठे सापडेपर्यंत युरोपातले सोनारही याच मालावर अवलंबून होते. टंकण हे संस्कृत नाव व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेलं आणि तिथल्या भाषांमध्ये रूप बदलून रुळलं.

म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या सोनारानं दोनशे वर्षांपूर्वी नथीचा फासा जोडला असेल, तर त्या सांध्यात थोडं तिबेट असण्याचा संभव बराच आहे. चिलिंगला सध्या ती दुकानातून, प्लॅस्टिकच्या पिशवीत येते.

पाटणचे हात

तिबेटी भांडं म्हणताना एक घोटाळा आधीपासूनच आहे. त्यामागची श्रद्धा तिबेटी, चहा तिबेटी, पण हात फार वेळा काठमांडू खोऱ्यातल्या नेवारांचे. १२६० मध्ये साक्य मठाच्या फाग्पा लामांच्या बोलावण्यावरून अरनिको नावाचा पोरसवदा कारागीर ऐंशी जणांना घेऊन तिबेटात सोन्याचा स्तूप घडवायला गेला. तिथून तो कुबलाई खानाच्या दरबारी पोचला. बीजिंगमधला पांढरा स्तूप त्याचा. १२७९ मध्ये तो पुरा झाला. पुढची कित्येक शतकं नेवार व्यापारी आणि कारागीर ल्हासात ये-जा करत, घरं मांडून राहत.

अर्थात सगळं श्रेय नेवारांना देणंही बरोबर नाही. पूर्व तिबेटात, खाममधल्या देर्गेचं लोखंडकाम वेगळ्याच जातीचं: जाळीदार कोरलेलं लोखंड आणि त्यावर सोन्याचांदीची तार. ल्हासात पोताला राजवाड्याच्या पायथ्याशी, श्योल वस्तीत, सरकारी कारखाना होता. १९५९ नंतर ही घडी विस्कटली. पुष्कळ कारागीर हिमालय ओलांडून भारत-नेपाळात आले. धरमशालेजवळच्या नोर्बुलिंका संस्थेत १९८८ पासून ही कामं पुन्हा शिकवली जातात.

काही वर्षांपूर्वी काठमांडू खोऱ्यातल्या पाटणला, ओकू बहालच्या आसपासच्या गल्ल्यांत हिंडले होते. दारादारांतून छिन्नीची टकटक येत होती. मठांच्या मागण्या आजही तिथेच येतात. तिथे एका माडीवर पाऱ्याचा मुलामा पाहिला. सोनं पाऱ्यात खलून लोण्यासारखा लगदा करतात, तांब्यावर चोळतात आणि आच देतात. पारा ३५७ अंशांवर उकळून उडून जातो, सोनं मागे राहतं. निघालेला रंग विजेच्या मुलाम्याला येत नाही, यात वादच नाही: जाड, किंचित लालसर, ओलसर वाटणारा. काम करणाऱ्यानं तोंडाला फडकं बांधलं होतं. खिडकी उघडी होती. पाऱ्याच्या वाफेला फडकं अडवत नाही. शेमधल्या त्या सोनेरी चेहऱ्यासमोर उभी राहिले तेव्हा मला आधी ती खिडकी आठवली.

जवाच्या दाण्याएवढी जागा

चिलिंगच्या ज्या घरी मी झोपले, त्यांच्या देवघरात सकाळी सात वाट्या भरायचं काम शाळकरी नातीकडे होतं. तिंग म्हणतात त्यांना. पालथ्या ठेवलेल्या वाट्या ती पुसून एकेक सुलटी करी, पण कोरडी वाटी मांडायची नाही. आधी थोडं पाणी घालून मगच ओळीत. डावीकडून उजवीकडे. दोन वाट्यांमध्ये जवाच्या दाण्याएवढं अंतर, आणि पाणीही काठापासून तेवढंच खाली. सांडलं तर वाईट, कमी भरलं तरी वाईट. संध्याकाळी उजवीकडून रिकाम्या करत यायचं आणि पालथ्या घालायच्या.

या वाट्यांवर नक्षी नसतेच म्हणा, फार तर काठावर एक रेघ. देवघरातली बाकीची भांडी मात्र नटलेली. बुम्पा: पोट कापडानं गुंडाळलेला, तोंडात मोरपीस खोचलेला कलश, केशराच्या पाण्याचा. सेरक्येम: रुंद वाडग्यात उभा केलेला उंच पेला, रक्षक देवतांना पेय वाहण्यासाठी. लोण्याचे दिवे. त्यांवरची अष्टमंगळं मराठी वाचकाला सांगायला नकोत: छत्र, मत्स्ययुगुल, कलश, पद्म, शंख, श्रीवत्स, ध्वज, चक्र. जैन मंदिराची पायरी चढलेल्याला यातली काही लगेच ओळखू येतील. मगरही आपलाच मकर. तिला इथे चुसिन म्हणतात, पाण्यातला राक्षस. राक्षसाच्या तोंडून चहा पाजायचा ही कल्पना मला मनापासून आवडते.

जुनं करून मिळेल

लेहच्या बाजारात तिब्रिल हवी तेवढी मिळते. अर्ध्या दुकानांत 'अँटिक' असं लिहिलेलं असतं, आणि विमानतळावर जाण्यापूर्वी घासाघीस करणाऱ्यांत मराठी हमखास ऐकू येतं. दोन सूचना कराव्याशा वाटतात. भारतातल्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू म्हणजे पुरावशेष; ती विकायला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा विक्रेता खरं बोलत असेल तर भानगड आहे, आणि खोटं बोलत असेल तर पैसे गेले. दुसरं, किटली उघडून आत बघा. दातेरी पिवळी रेघ नसेल, आतून बाहेरून एकसारखं गुळगुळीत असेल, मगरीचे खवले सगळे एकाच खोलीचे असतील, तर ती साच्यातून निघाली आहे. त्यात गैर काही नाही. चहा त्यातही राहतो. फक्त हस्तकलेच्या भावानं घेऊ नका.

मेमे-लेंच्या नातवाला मी याबद्दल विचारलं. उन्हाळाभर तो पाहुण्यांना तराफ्यावरून नदी उतरवतो, हिवाळ्यात आजोबांसमोर बसतो. त्याची तक्रार साच्याबद्दल नव्हती. "लोक नवी तिब्रिल दाखवली की काळी करून द्या म्हणतात," तो म्हणाला. "घरची बाई ती चमकावी म्हणून आयुष्यभर घासते, आणि यांना न घासलेली पाहिजे."

फडकं

तिसऱ्या दिवशी सकाळी कल्हई झाली. राखेनं घासलेलं पोट तापलं, नवसागराचा धूर डोळ्यांत गेला, कथलाचा तुकडा आत टेकताच वितळला आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवताच आतून चंद्रासारखं पांढरं झालं. मग मगर आली. मेमे-लेंनी तिच्या आत, वडिलांच्या दोन रेघांखाली, स्वतःची एक रेघ मारली आणि तिला जागेवर बसवलं. आता ती रेघ दिसायची तर पुन्हा कधी तरी किटली गळायला हवी.

पैसे किती म्हटल्यावर त्यांनी मोजले ते कथील आणि कोळसा. मजुरीचं आमा-लेंशी जव निघाल्यावर बघू, म्हणाले.

लेहला पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. आमा-लेंनी किटली पाण्यानं काठोकाठ भरली, कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवली आणि तशीच रात्रभर राहू दिली. सकाळी कागदावरून हात फिरवला. कोरडा होता. त्यांनी काठाला बोटभर लोणी लावलं, शुभ म्हणून, आणि चहा घुसळायला बसल्या. मला पहिला पेला ओतून झाल्यावर त्यांचा हात सवयीनं फडक्याकडे गेला आणि मगरीच्या हनुवटीखालून एकदा फिरून आला.